आधी परका मुलूख



अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत चौदा ठिकाणी पोस्टिंग झाली. पंधरावी पोस्टिंग म्हणजे हे हेब्बाळ. इथे मूव्हमेंट ऑर्डर आली नाही, मुलाचा फोन आला. तो मान्यता टेक पार्कमध्ये कामाला लागला आणि म्हणाला, "बाबा, गावी एकटे कशाला राहता, इकडे या." 2016 साली पेन्शन घेऊन आम्ही दोघं नवरा-बायको साताऱ्याहून इकडे आलो. इथली कमांडिंग ऑफिसर आमची सूनबाई. सकाळी दूध आणणे, नातवाला बसपर्यंत सोडणे, संध्याकाळी भाजी, एवढीच माझी ड्यूटी. तक्रार नाही.

आज लिहायचं आहे ते जानेवारी 2020 मधल्या अकरा दिवसांबद्दल. माझी एक जुनी मैत्रीण हैफाहून आली होती. साठीला आलेली बाई, घरात जन्मापासून मराठी बोललेली, पण भारतात कधी पाऊल न टाकलेली. तिला देश दाखवायचं काम माझ्याकडे आलं. नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. मी तिला ताई म्हणतो, ती मला सुभेदार म्हणते.

ओळख कशी झाली ते आधी सांगतो. 2009 साली मी संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर गोलानला होतो. तिथे सीरिया आणि इस्राईलच्या मधल्या पट्ट्यावर नजर ठेवणारी जी फौज आहे, तिची रसद सांभाळणाऱ्यांत आपली तुकडी असते. आपण ए.एस.सी.चे, म्हणजे गाड्या, राशन, डिझेल, पाणी. सप्टेंबरात आमच्यापैकी काही जणांना हैफाला नेलं. 23 सप्टेंबर 1918 ला जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने तुर्कांकडून हैफा घेतलं. भालाइतांनी मशीनगनवर घोडे घातले आणि शहर पडलं. तिथल्या भारतीय दफनभूमीत त्या दिवसाच्या आठवणीत मानवंदना होते.

कार्यक्रम संपला. एक म्हातारी आणि तिची मुलगी पुढे आल्या. मुलीने खालचा एक खडा उचलून दगडी स्मारकावर ठेवला. मला वाटलं, ही बाई काय करते आहे? मी शेजारच्या जवानाला मराठीत म्हटलं, "अरे, ते दगड काढून टाकायला सांग कोणीतरी." तेवढ्यात म्हातारी वळली आणि म्हणाली, "राहू दे रे बाबा. आमच्यात फुलं नाही वाहत, खडा ठेवतात. कोणी येऊन गेलं हे कळतं. कुठला रे तू?"

गोलानच्या थंडीत महिनोन्महिने मराठी कानावर नाही, आणि इथे अलिबागच्या चालीवरचं "कुठला रे तू". मी म्हटलं, "साताऱ्याचा. हवालदार आहे." म्हातारी म्हणाली, "हवालदार कसला, चांगला सुभेदार दिसतोस." तिने तिथेच मला प्रमोशन दिलं. सरकारला ते द्यायला आणखी काही वर्षं लागली.

हे लोक बेने इस्राईल. कोकणात यांना शनवार तेली म्हणायचे, कारण घाण्यावर तेल काढायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बाया वाचल्या अशी त्यांची कथा आहे. आडनावं आपल्यासारखीच, गावाला कर लावून. इस्राईल झाल्यावर 1950 नंतर बरेचसे तिकडे गेले. ताईचे आईवडील गेले ते दिमोना नावाच्या वाळवंटातल्या नव्या गावात. ताईचा जन्म तिथला. पुढे ती नर्स होऊन हैफाला आली आणि आईला तिने सोबत आणलं.

त्याच हिवाळ्यात माझे वडील गेले. फोन आला तेव्हा मी गाड्यांचं कॉन्व्हॉय लावत होतो. कागद हलले, विमान मिळालं, मी घरी पोचलो तेव्हा दहावा होऊन गेला होता. परत आल्यावर रजेच्या एका दिवशी हैफाला गेलो. म्हातारीने मला खुर्चीवर बसू दिलं नाही. जमिनीवर चटई टाकली, स्वतःही गुडघे दुखत असताना खाली बसली, आणि म्हणाली, "आमच्यात सात दिवस असं बसतात. तुला बसायला मिळालं नाही. आज बस. रडायचं तर रड, इथे तुझा साहेब नाही." ताईने उकडलेले अंडे आणि भात वाढला. युनिफॉर्ममध्ये जे झालं नव्हतं ते त्या चटईवर झालं. हे देणं माझ्या डोक्यावर होतं.

2017 साली म्हातारी गेली. दोन वर्षांनी ताईचा फोन आला. "सुभेदार, नोकरी सुटली. आता हिंदुस्थान बघायला येते."

मी म्हटलं, "मुंबईला उतरा. मी घ्यायला येतो. तिथून बोटीने मांडवा, तासाभरात अलिबाग. आईचं गाव आधी बघू."

"नको," ती म्हणाली. "तू जिथे आहेस तिथे येते. आधी परका मुलूख दाखव. मग आपला."

मला हे उलटं वाटलं, पण पाहुण्याशी वाद घालत नाहीत.

फौजी माणसाला काम दिलं की तो आधी रेकी करतो. मी वहीत अकरा दिवसांचा प्रोग्रॅम लिहिला. लालबाग, कब्बन पार्क, विधानसौध, म्हैसूरचा राजवाडा, वेळांसकट. परदेशी माणूस घरी उतरला की यजमानाला तेव्हा चोवीस तासांत फॉर्म सी भरावा लागायचा, तोही आधी वाचून ठेवला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही मैत्रिणीला आणताय की कॉन्व्हॉय?"

ती आली. विमानतळावरून येताना हेब्बाळच्या उड्डाणपुलावर अर्धा तास अडकलो. मी ओशाळलो. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "किती माणसं रे! आई म्हणायची, तिकडे एकटं वाटायला जागाच नसते."

तिचं मराठी ऐकून आमची सून आणि नातू गंमत बघत राहिले. रेल्वेला आगगाडी, हॉस्पिटलला इस्पितळ, घराला बिऱ्हाड. आईने जाताना जेवढी भाषा बांधून नेली तेवढीच तिच्याकडे होती. त्यानंतर आलेल्या कुठल्याही वस्तूला तिच्याकडे मराठी शब्द नव्हता. तिथे हिब्रू यायचं. नातवाने तिला "आजी, तुमचं मराठी पुस्तकातलं आहे" म्हटलं. ती हसली, पण मला दिसलं, तिला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेब्बाळच्या तलावावर नेलं. जवळ आहे आणि थंडीत पक्षी येतात, एवढीच माझी माहिती. ती प्रश्न विचारू लागली. हा तलाव कोणी खोदला? मी म्हटलं, केंपेगौडाने, म्हणतात. पाणी कुठून येतं? ठाऊक नाही. रस्त्याकडेला गुलाबी फुलांनी भरलेलं झाड दिसलं, पान एकही नाही. हे कुठलं? ठाऊक नाही. शेवटी बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने इंग्रजीत सांगितलं, ताबेबुया, मूळ अमेरिकेकडचं. लालबागेचे जर्मन अधिकारी क्रुम्बिगल यांनी शंभर वर्षांपूर्वी शहरात झाडं अशी निवडली की एकाचा बहर संपला की दुसऱ्याचा लागावा. तलावात पेलिकन तरंगत होते. ताई म्हणाली, "यांचे भाऊबंद आमच्याकडे हुला खोऱ्यात उतरतात."

मग तिने सहज विचारलं, "तू इथे किती वर्षं आहेस?"

मी म्हटलं, "चार. आणि 1988 साली रंगरूट म्हणून ए.एस.सी. सेंटरला होतो, तेही इथेच."

"मग तेव्हा काय बघितलंस?"

मी आठवून पाहिलं. परेड ग्राऊंड. लंगर. ड्रायव्हिंगचा ट्रॅक. एका रविवारी आऊटपास घेऊन पाहिलेला एक हिंदी सिनेमा. बस. पुढच्या पोस्टिंग मोजल्या, तेजपूर, अखनूर, लेह, जैसलमेर. सगळीकडे तेच. गेट, एम.टी. लाइन, क्वार्टर गार्ड, सी.एस.डी. कँटीन. मंडळी, आपण देश राखला, खरं आहे. पण कोणी विचारलं की तेजपूरच्या माणसांचं लग्न कसं लागतं, तर मला सांगता येत नाही. लेहमध्ये पाव किलो जर्दाळू काय भावाने मिळायचा हेही ठाऊक नाही, कारण राशन वरून यायचं. मी सगळा देश काटेरी तारेच्या आतून पाहिला होता. आणि मी तो दुसऱ्याला दाखवायला निघालो होतो. घरी आल्यावर वहीतल्या वेळा मी खोडून टाकल्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अडचण आली ती भाषेची. ताईच्या मनात लहानपणापासून असं बसलं होतं की हिंदुस्थान म्हणजे मराठी. दिमोनात मराठी बोलणारे तेवढे हिंदुस्थानातले, म्हणून हिंदुस्थान मराठीचा. नकाशा तिला माहीत होता हो, शिकलेली बाई. पण कानाला नकाशा कळत नाही. ती भाजीवालीशी मराठीत बोलली, भाजीवाली कन्नडमध्ये. रिक्षावाल्याला म्हणाली, "जरा हळू घ्या", तो माझ्याकडे बघू लागला. मी फौजी हिंदीत सांगायचो. दर वेळी तिचा चेहरा थोडा उतरायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "सुभेदार, मी साठ वर्षं जी भाषा सांभाळली ती इथे नाण्यासारखी चालेल असं वाटलं होतं. इथेही ती खोटीच."

मला उत्तर सुचलं नाही. माझ्या बायकोने तिला चहा दिला आणि म्हणाली, "ताई, मला चार वर्षं झाली. मला अजून 'कन्नड गोत्तिल्ला' आणि 'ऊटा आयता' एवढंच येतं. पण 'ऊटा आयता' म्हणजे जेवलात का. तेवढ्यावर माझी सगळी शेजारीण चालते."

दुसऱ्याच दिवशी संक्रांत होती. सकाळी शेजारची मुलगी परकर-पोलकं घालून ताटली घेऊन आली. एळ्ळु-बेल्ला, म्हणजे तीळ, गुळाचे बारीक तुकडे, खोबरं, शेंगदाणे, डाळं. वर उसाचा तुकडा आणि साखरेचं एक छापील खेळणं. मुलगी कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. मी दुभाष्याचं काम करायला पुढे झालो, तर ताईने मला हातानेच थांबवलं. "मला कळलं," ती म्हणाली. "गोड बोला म्हणते आहे." ते खरंच तसंच आहे, इकडेही एळ्ळु-बेल्ला देताना गोड बोला असंच म्हणतात. तिची आई तिला सांगायची की गावात संक्रांतीला शेजारणी त्यांच्या दारात तिळगूळ घेऊन यायच्या. ताईने मुलीच्या हातावर पर्समधली चॉकलेटं ठेवली. मग दिवसभर मधूनमधून त्या ताटलीतले तीळ खात बसली.

त्यानंतर मी प्रोग्रॅम तिच्यावर सोडला. तिला दोनच जागा बघायच्या होत्या.

पहिली जवळच, आमच्या हेब्बाळहून शहराकडे येताना जे.सी. नगरला. म्हैसूर लान्सर्सचं स्मारक. वाहनांच्या गर्दीत पटकन लक्षात न येणारा स्तंभ. मी त्या रस्त्याने दोनशे वेळा गेलो असेन, एकदाही उतरलो नव्हतो. हैफाच्या त्या दिवशी जोधपूरचे स्वार शहरावर धावले आणि म्हैसूरच्या एका स्क्वॉड्रनने कार्मेल डोंगराचा चढ चढून वरच्या तोफा घेतल्या. डोंगर शाबूत राहिला असता तर खालचे घोडे कापले गेले असते. दोन्ही रेजिमेंटनी मिळून साडेतेराशे कैदी घेतले आणि आपले आठ मेले, चौतीस जखमी झाले. हे घोडदळ म्हैसूर संस्थानात पूर्वी शिलेदार म्हणून ओळखलं जायचं. शब्द आपलाच, इतिहासाने इथे आणून ठेवलेला.

ताई स्तंभाभोवती एक फेरी मारून आली. म्हणाली, "मी चाळीस वर्षं त्या डोंगराच्या उतारावर बस पकडते आहे. ही माणसं कुठून आली होती ते आज बघितलं. इथून हैफा म्हणजे किती लांब रे. आणि ती घोडे घेऊन गेली." तिने खडा उचलला आणि पायथ्याशी ठेवला. या वेळी मीही एक ठेवला.

दुसरी जागा श्रीरंगपट्टण. हेब्बाळहून साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मुलाने गाडी काढली. बेने इस्राईल लोकांत समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे नाव लहान मुलालाही माहीत असतं. हा मुंबई फौजेतला देशी अधिकारी. दुसऱ्या म्हैसूर युद्धात, म्हणजे 1780 ते 84 च्या लढाईत, भावांसह टिपूच्या हाती सापडला. कैद्यांना मारायचं ठरलं, जात विचारली, तर हे म्हणाले बेने इस्राईल. टिपूच्या आईने तो शब्द ऐकला आणि म्हणाली, कुराणात या लोकांचं नाव आहे, मी कधी त्यांना पाहिलं नव्हतं, यांना सोडा. अशी त्यांच्यातली कथा. सुटलो तर देऊळ बांधीन असा समाजीने नवस केला होता, तो त्याने 1796 मध्ये फेडला. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, मांडवीतलं. तो रस्ता आजही सॅम्युएल स्ट्रीट.

दर्या दौलत महालाच्या भिंतीवर पोल्लिलूरच्या 1780 च्या लढाईचं भलं मोठं चित्र आहे. मधे पालखीत जखमी कर्नल बेली, भोवती चौकोन करून उभी इंग्रजांची लाल कोटातली पलटण, सगळ्या बाजूंनी हैदर-टिपूचं घोडदळ. फौजी माणसाने हे चित्र बघावंच. दारूगोळ्याची गाडी उडते आणि चौकोन फुटतो ती घटकाच चितारली आहे. ताई लाल कोटांचे चेहरे एकेक निरखू लागली. मी म्हटलं, "ताई, समाजी मुंबई फौजेतला. पोल्लिलूरला मद्रासची फौज होती. तो यात नसणार."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तरी बघते."

मग बेलीची तुरुंगकोठडी. कावेरीच्या काठाला, जमिनीखाली, विटांच्या कमानी. भिंतीतून पुढे आलेल्या दगडी फळ्यांना भोकं आहेत, कैद्यांचे हात त्यात अडकवायचे म्हणतात. समाजी याच कोठडीत होता असं कुठे लिहिलेलं नाही. आम्ही दोघंही ते जाणून होतो. ताई दगडाच्या भोकावर बोट ठेवून म्हणाली, "नुसती जात विचारली आणि उत्तर बरोबर आलं म्हणून वाचला. चुकीचं आलं असतं तर?"

बाहेर आल्यावर कावेरीच्या काठी बसून तिने खरं कारण सांगितलं. बेने इस्राईल तिकडे गेले तेव्हा तिथल्या काही धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांना आडकाठी केली. हे खरे यहुदी आहेत का, याचा पुरावा मागितला. लोकांनी रस्त्यावर उतरून निदर्शनं केली, तेव्हा कुठे 1964 मध्ये तिथल्या संसदेने जाहीर केलं की हे सर्व बाबतींत बरोबरीचे आहेत. "आई त्या निदर्शनांत होती," ताई म्हणाली. "मला कडेवर घेऊन. दोन हजार वर्षं कोकणात शनिवार पाळला, आणि घरी परत गेलो तर घरचेच विचारतात, तू कोण? आता मी अलिबागला जाणार. आईच्या दारात उभी राहणार. तिथेही कोणी विचारलं की बाई, तू कोण, तर? एका जन्मात दोनदा नको रे. म्हणून आधी इथे आले. इथे कोणी माझं नाही, म्हणून कोणी परकं म्हटलं तरी चालतं. जरा सवय करून घेते."

अकरा दिवसांचा प्रोग्रॅम आखला, पण हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं.

आता शेवटची गोष्ट. जायच्या दोन दिवस आधी माझी बायको तिला चिकपेटला घेऊन गेली. तिला नऊवारी घ्यायची होती, आईसारखी, आणि पोलकं शिवायचं होतं. मी पिशव्या धरायला. एका बोळात शिंप्याचं लहानसं दुकान, माप घेता घेता म्हातारा आपल्या मुलाला काहीतरी म्हणाला. माझे कान टवकारले. शब्द मराठी, हेल कानडी. मी विचारलं. म्हातारा म्हणाला, "आमी नामदेव शिंपी जी. घरात मराठी. कवा आलो ठावं नाही. आज्याचा आजा हितलाच."

बेंगळुरूत अशी घरं पुष्कळ आहेत. शहाजीराजांना आदिलशाहीकडून 1638 च्या सुमारास बेंगळुरूची जहागीर मिळाली. शिवाजीराजेही लहानपणी काही काळ इथे होते. पुढे 1687 मध्ये व्यंकोजीराजांच्या हातून हे शहर सुटलं आणि तीन लाखांना म्हैसूरच्या राजाकडे गेलं. राज्य विकलं गेलं, पण माणसं राहिली. त्या काळी आलेली, नंतर आलेली, सगळी मिसळून.

ताई आणि तो म्हातारा बोलू लागले. ती म्हणे आगगाडी, त्याला कळे. तो मधेच कानडी शब्द घाली, ती मधेच हिब्रू, आणि दोघंही न थांबता पुढे जात. त्याने महाराष्ट्र एकदाच पाहिला होता, पंढरपूर, तेही एका रात्रीपुरतं. तिने तेवढाही नव्हता पाहिला. दोन माणसं अशा गावाची भाषा बोलत होती, जिथे दोघांचंही घर नव्हतं. मी सातारचा, महाराष्ट्रात जन्मलेला, पिशव्या धरून उभा. माझ्या मराठीत निम्मं हिंदी. त्या दुकानात माझंच मराठी सगळ्यांत पातळ होतं.

शेवटी म्हाताऱ्याने टेप गळ्यात टाकत विचारलं, "आक्का, तुमचं गाव कंचं?"

गेले नऊ दिवस हा प्रश्न आला की ती "इस्राईल" म्हणायची. या वेळी ती थोडी थांबली.

"अलिबाग," म्हणाली.

म्हाताऱ्याने मान हलवली, चिठ्ठीवर माप लिहिलं आणि म्हणाला, "बुधवारी या." आमची गाडी मंगळवारची होती, मग त्याने रात्री बसून शिवून दिलं.

मंगळवारी सकाळी, निघण्याआधी, ताईला एक शेवटचं ठिकाण दाखवलं. हे मात्र मी स्वतः शोधलं होतं. श्रीरंगपट्टणहून आल्यावर मला लाज वाटून मी मुलाला विचारलं होतं की आपल्या हेब्बाळमध्ये जुनं असं काय आहे. 2018 मध्ये इथेच गटाराच्या खोदकामात एक वीरगळ सापडला. आठव्या शतकातला, इसवी 750 च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळचा. बेंगळुरूत मिळालेला सगळ्यांत जुना कन्नड लेख तो. त्यात हेब्बाळचं जुनं नाव पेर्बोळल असं आहे. कित्तय्या नावाचा एक माणूस हा मुलूख राखताना लढून मेला, एवढीच हकीकत. मी राहतो त्या वस्तीत पावणेतेराशे वर्षांपूर्वी एक शिपाई पडला होता, आणि मी चार वर्षं त्याच्या शेजारून दूध आणत होतो.

दगडावर तो उभा आहे, हातात हत्यार. ताईने खडा शोधला. आजूबाजूला सिमेंटच सिमेंट, खडा मिळेना. मीच रस्त्याच्या कामाच्या ढिगातून एक आणून दिला. तिने तो कडेला ठेवला. म्हणाली, "कोणी येऊन गेलं हे कळू दे."

रात्री उद्यान एक्स्प्रेसला बसवलं. चोवीस तासांचा प्रवास, सोलापूर, पुणे, मुंबई. मी म्हटलं, "येऊ का सोबत?" ती म्हणाली, "नको. तू काम केलंस."

चार दिवसांनी फोन आला. घर राहिलेलं नाही. तिथे कोणा मुंबईकराचा बंगला आहे, कुलूपबंद. मी काही बोलणार, तर ती म्हणाली, "थांब, ऐक तर. मी नऊवारी नेसून कुंपणापाशी उभी होते. शेजारची म्हातारी आली. विचारते कशी, 'कुठून आलीस गो?' माझ्या पोटात गोळा आला. आणि तोंडातून काय निघालं माहीत आहे? बेंगळुरूहून. ती म्हणाली, 'एवढ्या लांबून? बस, पाणी पी.' आणि बसले रे मी. दोन तास बसले. मग सगळं सांगितलं. तिच्या सासूला माझी आजी आठवत होती म्हणे."

पलीकडून तिचा आवाज जरा थांबला. मग म्हणाली, "सुभेदार, बेंगळुरूहून आले म्हणाले, खोटं नाही ना झालं?"

मी म्हटलं, "नाही ताई. फॉर्म सीवर पत्ता हेब्बाळचाच आहे."

जय हिंद.